गल्ल्यावर बसूनही देता येते मार्केटिंगची परीक्षा

बारामतीचा गुणवडी चौक असो वा इंदापूरची बाजारपेठ, आपल्या व्यापारी बांधवांची एक तक्रार हल्ली सर्रास ऐकू येते. गिऱ्हाईक दुकानात येते, माल हाताळते, भाव विचारते, मग खिशातून मोबाईल काढून तोच माल दाखवते आणि "इथं तर स्वस्त आहे" म्हणून निघून जाते. यावर बहुतेकांनी शोधलेला तोडगा एकच. तो म्हणजे भाव पाडणे. शेजारच्या दुकानदाराने दहा टक्के सूट दिली की आपण पंधरा टक्क्यांचा फलक लावायचा. परंतु भाव दहा टक्क्यांनी पाडला तर पूर्वीइतकेच पैसे हातात उरण्यासाठी किती जास्त माल विकावा लागेल, हा हिशेब कागदावर मांडणारा दुकानदार शोधून सापडत नाही.

हा हिशेब कॉलेजात मार्केटिंग या विषयात शिकवला जातो. कॉलेजात जाऊन दोन वर्षे बसणे दुकानदाराला शक्य नाही हे खरे. पण आता तोच विषय घरबसल्या शिकून, रीतसर परीक्षा देऊन, आयआयटीचे प्रमाणपत्र मिळवता येते आणि त्याला परीक्षेचे शुल्क म्हणून अवघे एक हजार रुपये लागतात. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना याची माहिती आहे, म्हणून हा विषय जरा तपशिलाने घेत आहोत.

२००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातील दोन गोष्टी येथे ध्यानात घेण्याजोग्या आहेत. मुस्लिम समाजात स्वतःचा धंदा वा कारागिरी करून पोट भरणाऱ्यांचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे, ही एक. आणि वीस वर्षे व त्यापुढील वयाच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी होते, ही दुसरी. म्हणजे ज्यांना धंद्याचे शिक्षण सर्वांत जास्त उपयोगी पडले असते, तेच त्या शिक्षणापासून सर्वांत दूर राहिले. बागवानाचा मुलगा फळाचा धंदा बापाकडून शिकला, आतारांचा मुलगा अत्तर-सुरम्याचा, मणेरांचा मुलगा बांगड्यांचा. हे शिक्षण कमी दर्जाचे होते असे मुळीच नाही. पण बाजार बदलला तेव्हा बापालाही नवे काही ठाऊक नव्हते.

कोणता अभ्यासक्रम, कोठे?

केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' ही ऑनलाइन शिक्षणाची योजना सुरू केली. तिच्याआधी, २००३ पासून, आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था मिळून एनपीटीईएल नावाने व्याख्यानांचे चित्रीकरण करीत होत्या. २०१४ पासून त्याला परीक्षा आणि प्रमाणपत्राची जोड मिळाली आणि आज हे अभ्यासक्रम 'स्वयम्'वरच भरतात. नावावरून ते फक्त इंजिनिअरांसाठी असावेत असे वाटते. वास्तविक तसे नाही. आयआयटी कानपूरचे प्रा. जयंत चटर्जी आणि प्रा. शशी शेखर मिश्रा यांनी मार्केटिंग मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम दिला आहे. ग्राहक कसा विचार करतो, या विषयावर आयआयटी खरगपूरच्या प्रा. स्रबंती मुखर्जी यांचा आहे. आयआयटी रुरकीचे प्रा. झिल्लुर रहमान यांचेही मार्केटिंगचे अभ्यासक्रम येथे आले आहेत. दर सत्राला यादी बदलते. नाव नोंदवण्यापूर्वी चालू सत्राची यादी पाहावी.

नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, वयाची अट नाही. ज्याला फक्त ऐकायचे आहे त्याने परीक्षा न देता सर्व व्याख्याने ऐकली तरी चालते. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिचे एक हजार रुपये वेगळे भरावे लागतात. या नोंदणीची मुदत सत्राच्या मध्येच संपते. अभ्यासक्रमाला नाव घातले म्हणजे परीक्षेलाही घातले, अशा समजुतीत राहिलेला मनुष्य सगळा अभ्यास करून परीक्षेला मुकतो.

हे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र मुलगा बी.कॉम. करीत असेल तर त्याला या अभ्यासक्रमाचे श्रेयांक कॉलेजात धरले जाऊ शकतात. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन, असे ते प्रमाण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घेण्यास वाव आहे. बारामतीत १९६२ पासूनचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, इंदापुरातही कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. आपले मूल जेथे शिकते तेथील प्राध्यापकांना आधी भेटून, कोणता अभ्यासक्रम मान्य करणार हे लेखी विचारून घ्यावे. नंतर धावाधाव नको.

ज्याला पदवीच हवी आहे त्याच्यासाठी दोन जुनी, सरकारी आणि विश्वासाची दारे आहेत. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. नाशिकच्या विद्यापीठाचे बी.कॉम. मराठीतून करता येते, हा आपल्याकडील अनेकांच्या दृष्टीने मोठाच फायदा.

याच्या उलट, मोबाईलवर दिवसरात्र झळकणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे. 'दहा दिवसांत एमबीए' अशा जाहिरातींविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाला एप्रिल २०२४ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला, यावरून त्यांचा सुळसुळाट किती आहे ते कळते. कोणत्याही ऑनलाइन पदवीला पैसे भरण्यापूर्वी ते विद्यापीठ त्या पदवीसाठी आयोगाच्या यादीत आहे की नाही ते पाहावे. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा डेब-आयडीही विद्यार्थ्याला स्वतः काढावा लागतो. तो न मागणाऱ्याकडे पैसे भरू नयेत. खासगी क्लासवाले 'सोपे हप्ते' देतात तेव्हा तो हप्ता बहुधा एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जाचा असतो. क्लास गुंडाळला गेला तरी कर्ज आपल्या नावावर राहते. ज्यांना व्याजाचा व्यवहार करायचा नाही त्यांनी तर सही करण्यापूर्वी तो कागद कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

आत असते तरी काय?

मार्केटिंग म्हणजे गोड बोलून माल गळ्यात मारणे, असा समज आहे. पहिल्याच आठवड्यात तो दूर होतो. माल, भाव, जागा आणि जाहिरात या चार गोष्टी एकमेकींशी जुळवणे म्हणजे मार्केटिंग. ही चौकट अमेरिकेतील जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडली, आणि १९६७ साली आलेल्या फिलिप कोटलर यांच्या पाठ्यपुस्तकाने ती जगभर नेली.

यातील अर्धे काम आपली माणसे पूर्वापार करीत आली आहेत, फक्त त्याची नावे त्यांना ठाऊक नाहीत. इंदापूर भागातल्या बागेतून डाळिंब उचलणारा बागवान काय करतो? मोठे, डाग नसलेले फळ पुण्या-मुंबईच्या गाडीत घालतो, मधले बारामतीच्या दुकानदाराला देतो, डागाळलेले रस काढणाऱ्याला. याला पुस्तकात बाजाराचे विभाजन म्हणतात. परीक्षेत 'सेगमेंटेशन' हा शब्द आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ज्याने वीस वर्षे फळ निवडले त्याला तो कॉलेजच्या मुलापेक्षा लवकर समजेल.

त्याच १९६० साली हार्वर्डच्या थिओडोर लेव्हिट यांनी एक लेख लिहिला, तो जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. अमेरिकेतील रेल्वे कंपन्या बुडाल्या याचे कारण लोकांनी प्रवास सोडला हे नव्हे. आपण रेल्वेच्या धंद्यात आहोत असे त्या समजत राहिल्या. त्या होत्या वाहतुकीच्या धंद्यात. मोटार आणि विमान आले, गिऱ्हाईक तिकडे गेले. हे वाचताना आपल्या मोहल्ल्यातील कल्हईवाला आठवल्याखेरीज राहत नाही. तांब्या-पितळेची भांडी घरातून गेली, स्टील आले आणि कल्हईवाला 'आता पूर्वीचे दिवस राहिले नाहीत' म्हणत बसला. पिंजाऱ्यांचेही तेच झाले असते. पण ज्यांनी 'आम्ही कापूस पिंजणारे' असे न म्हणता 'आम्ही झोपेची सोय करणारे' असे मानले, ते गादी, उशी, फोम, सोफ्याच्या कव्हरापर्यंत गेले आणि टिकले. त्यांनी लेव्हिट वाचला नव्हता, हे सांगायला नकोच. आता शहरात तांब्याच्या भांड्यांची पुन्हा आवड निर्माण झाली आहे आणि कल्हई करणारा शोधावा लागतो, हा त्यातला विनोद.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. तमिळनाडूतील कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर शाम्पूचा धंदा सुरू केला. बाटली घेण्याची ऐपत नसलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी छोट्या पुडीतून शाम्पू विकला. 'चिक' शाम्पू तो हाच. माल बदलला नाही, माप बदलले. आठवडे बाजारात माल लावणाऱ्या आपल्या आतार बंधूंना यातून काय घ्यायचे ते सांगावे लागणार नाही.

आता सुरुवातीला म्हटलेला भावाचा हिशेब. समजा, इंदापूरच्या एका बेकरीने टोस्टचे नवे पाकीट काढले. दुकानदाराला ते तीस रुपयांना द्यायचे. मैदा, तूप, साखर, इंधन, पिशवी मिळून खर्च एकवीस रुपये. पाकिटामागे उरले नऊ. नव्या मालासाठी एक जादा माणूस आणि गाडीचे भाडे मिळून महिन्याचा खर्च साडेतेरा हजार. नऊने भागले की उत्तर दीड हजार पाकिटे, म्हणजे रोजची पन्नास. तेवढी खपली की खर्च निघाला, त्यापुढे नफा. आता शेजारच्या बेकरीशी चुरस लागली आणि भाव दहा टक्के पाडला. तीसचे सत्तावीस झाले. खर्च एकवीसच राहिला, म्हणून हातात सहा रुपये उरले. साडेतेरा हजारांना सहाने भागा. दोन हजार दोनशे पन्नास पाकिटे! रोजची पंचाहत्तर. भाव दहा टक्क्यांनी पाडला, तर नुसता खर्च भागवायला माल पन्नास टक्क्यांनी जास्त खपवावा लागतो. जेथे पाकिटामागे नऊऐवजी पाचच रुपये उरतात, तेथे दहा टक्के सूट म्हणजे निम्म्याहून अधिक कमाई गिऱ्हाइकाला देऊन टाकणे होय.

या हिशेबाला इंग्रजीत 'ब्रेक-इव्हन' म्हणतात आणि परीक्षेत त्यावर प्रश्न असू शकतो. परंतु परीक्षा बाजूला ठेवून प्रत्येक दुकानदाराने तो आजच आपल्या दोन-चार मालांपुरता मांडून पाहावा. सूट द्यायचीच असेल तर ज्या मालात जास्त उरते त्यात द्यावी. कित्येकदा भाव न पाडता घरपोच माल, शिलाईची दुरुस्ती, अदलाबदलीची हमी असे काही दिले तर ते स्वस्तही पडते आणि गिऱ्हाईकही टिकते.

अभ्यास केव्हा करायचा?

गुणांची विभागणी अशी आहे. दर आठवड्याला घरी सोडवायच्या प्रश्नांना एकूण पंचवीस गुण, अखेरच्या परीक्षेला पंचाहत्तर. पास होण्यासाठी पहिल्यात दहा आणि दुसऱ्यात तीस, असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळावे लागतात. घरच्या प्रश्नांत बावीस मिळवले आणि परीक्षेत अठ्ठावीसच पडले तर बेरीज पन्नास होऊनही उमेदवार नापास. दोन्हीकडे पास होऊन साठच्या पुढे गेलेल्याला 'एलिट', पंचाहत्तरच्या पुढे त्याबरोबर रजत आणि नव्वदच्या पुढे सुवर्ण असा शेरा प्रमाणपत्रावर येतो.

आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम सहा आठवड्यांचे गुण धरतात, बाराच्या अभ्यासक्रमात उत्तम आठांचे. म्हणजे लग्नसराईत किंवा ईदच्या आठवड्यात एखादा पाठ राहिला तरी बुडत नाही. पण सलग राहू लागले की संपले. उत्तरे पाठवण्याची मुदत टळली तर ती पुन्हा मिळत नाही.

सत्रे दोन, जानेवारीचे आणि जुलैचे. आमच्या मते व्यापाऱ्याने जुलैचे सत्र आणि त्यातही आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्यावा. जानेवारीच्या सत्रात सध्या रमजान मध्येच येतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये आला, आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. कापड, चप्पल, अत्तर, शेवया, सुकामेवा यांच्या व्यापाऱ्याला त्या महिन्यात मान वर करायला फुरसत नसते. जुलैत सुरू होणारा छोटा अभ्यासक्रम दिवाळीच्या गर्दीपूर्वी आटोपतो. बारा आठवड्यांचा घेतला तर परीक्षा आणि दिवाळीची खरेदी एकाच वेळी अंगावर येण्याचा संभव आहे.

व्याख्याने साधारण अर्ध्या अर्ध्या तासाची असतात. दुपारी दोन ते चार दुकानात शांतता असते, त्या वेळात एक सहज होते. ऐकताना वही जवळ ठेवावी. उधारीची नव्हे, वेगळी! प्रत्येक नव्या इंग्रजी शब्दापुढे आपल्या धंद्यातील एक उदाहरण मराठीत लिहावे. खरी अडचण विषयाची नसून इंग्रजीची आहे. व्याख्याने इंग्रजीत आहेत. काही अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचे मराठी रूपांतर उपलब्ध करण्यात आले आहे, पण आपण घेतलेल्या विषयाचे असेलच असे नाही. यावर एक उपाय घरातच आहे. अकरावी-बारावीला किंवा कॉलेजात शिकणारा मुलगा, मुलगी वा भाचा यांच्यासोबत नाव नोंदवावे. त्याने इंग्रजी सांगावे, आपण धंदा सांगावा.

मुलींच्या बाबतीत तर या मार्गाचा विशेष विचार व्हावा. शिवणकाम, मेहंदी, केक, लोणची-मसाले हे उद्योग आपल्या कितीतरी भगिनी घरातून करतात, आणि त्यांचा भाव मात्र बहुधा गिऱ्हाईकच ठरवते. कापडाचे पैसे धरले जातात, दिवसभराच्या श्रमाचे धरले जात नाहीत. बारावीनंतर ज्यांचे शिक्षण थांबले त्यांना घर न सोडता हा विषय शिकता येतो. एकच दिवस घराबाहेर जावे लागते, तो परीक्षेचा. त्या दिवशी भावाने किंवा वडिलांनी दुकान बंद ठेवून सोबत जावे. एका दिवसाचा गल्ला त्यापुढे मोठा नाही.

परीक्षा घरून देता येत नाही. ठरलेल्या केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली, संगणकावर तीन तास द्यावी लागते. अर्ज भरताना शहरांचा पसंतीक्रम विचारतात. पुणे बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूरहून सुमारे एकशे पस्तीस. सकाळचे सत्र नऊला सुरू होते. ते मिळाले तर पहाटेच्या एसटीवर विसंबू नये, आदल्या रात्री पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करावा. दुपारचे मिळाले तर सकाळी निघून पोचता येते. प्रवेशपत्र छापून घ्यावे आणि फोटो असलेले मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे. त्यावरील नाव आणि अर्जातील नाव एकच असावे. आधार कार्डावर 'शेख' आधी आणि अर्जात नंतर, किंवा एका ठिकाणी वडिलांचे नाव आणि दुसरीकडे नाही, असा घोळ आपल्याकडे फार होतो. तो अर्ज भरतानाच मिटवावा. संगणकावर उंदीर फिरवून उत्तरावर खूण करण्याची सवय नसेल तर गावातल्या एखाद्या सायबर कॅफेत दोन-तीन दिवस हात बसवून घ्यावा. एकदा निकाल लागला की प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळते. ते उतरवून, छापून दुकानात लावता येते, आणि ते खरे आहे की नाही हे कोणालाही त्याच ठिकाणी तपासता येते.